मार्मोलादा : सरहद्दीवरचा डोंगर
(प्रस्तावना)

हे पुस्तक एका डोंगराचे आहे. त्यात युद्ध आहे, सेनापती आहेत, तहनामे आहेत. पण लिहिताना माझ्या लक्षात येत गेले की प्रत्येक प्रकरण शेवटी त्याच दोन-तीन प्रश्नांपाशी येऊन थांबते. त्या दिवशी वर बर्फ किती होते? उतार कोणत्या अंगाचा होता? आणि वरच्या माणसाने खाली पाठवलेला निरोप खालच्या माणसाने ऐकला का? पहिल्या महायुद्धातील आल्प्सच्या आघाडीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातला मोठा भाग शौर्याचा आहे आणि ते शौर्य खरे आहे. मला मात्र त्या तीन प्रश्नांची उत्तरे अधिक महत्त्वाची वाटली, आणि वाचकाने पुढची पाने त्याच नजरेने वाचावीत अशी माझी इच्छा आहे.

मार्मोलादा हा उत्तर इटलीतील डोलोमाइट पर्वतरांगेतला सर्वांत उंच डोंगर. पुन्ता पेनिया हे त्याचे मुख्य शिखर ३,३४३ मीटर उंच आहे. त्याच्या पूर्वेला पुन्ता रोक्का आणि त्याही पुढे सेराउताची धार. या डोंगराला दोन तोंडे आहेत. उत्तरेकडून तो मोठ्या उताराने खाली येतो आणि त्या उतारावर हिमनदी पसरलेली आहे. दक्षिणेकडे उतार असा नाहीच. तिथे आठशे मीटरहून अधिक उंचीचा सरळ तुटलेला कडा आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पालथे पडून ज्याने खाली डोकावले आहे त्याला या दक्षिणकड्याची कल्पना चटकन येईल. डोलोमाइटची राणी म्हणून त्याची ख्याती असली तरी त्याचा खडक मुख्यतः चुनखडीचा आहे. सुमारे चोवीस कोटी वर्षांपूर्वीच्या उबदार समुद्रातली ती प्रवाळबेटे. आज तीन किलोमीटर उंचीवर बर्फ पांघरून उभी आहेत.

खालच्या खोऱ्यांत लादिन भाषा बोलणारे लोक राहतात. लॅटिनपासून निघालेली, मूठभर खोऱ्यांत टिकलेली ही भाषा. त्यांच्यात हिमनदीची एक गोष्ट सांगतात. पूर्वी मार्मोलादाच्या उतारावर हिरवी कुरणे होती. मेरीमातेच्या सणाच्या दिवशी सगळ्यांनी काम बंद ठेवले, पण एका म्हातारीने आपले गवत आधी गोळा करायचे ठरवले. तेव्हा बर्फ पडू लागले ते थांबलेच नाही, आणि म्हातारी तिच्या गवतासकट त्याखाली गाडली गेली. ही गोष्ट युद्धाच्या कितीतरी आधीची आहे. त्या उतारावर माणसाने कधी थांबावे याचा विचार इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या करत आले होते, एवढे त्यावरून नक्की समजते.

सरहद्दीचा इतिहास सरळ नाही. जुन्या काळी डोंगराच्या पूर्वेला व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा मुलूख होता आणि पश्चिमेला बिशपांच्या जहागिरी. कुरणांवरून, लाकडावरून आणि पाण्यावरून दोन्ही बाजूंच्या गावांची भांडणे चालत. शिखराशी कोणाला देणेघेणे नव्हते. नेपोलियनच्या पाडावानंतर, १८१५ पासून, दोन्ही बाजू ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याकडे आल्या. म्हणून १८६४ मध्ये व्हिएन्नाचा पाउल ग्रोमान अँजेलो आणि फुल्जेन्सियो दिमाई या वाटाड्यांबरोबर पुन्ता पेनियावर प्रथम पोहोचला तेव्हा तिथे कोणतीही आंतरराष्ट्रीय सीमा नव्हती. दोनच वर्षांनी, १८६६ मध्ये, व्हेनेतो प्रांत इटलीच्या नव्या राज्यात गेला आणि मार्मोलादाची धार दोन देशांमधली रेषा झाली. ज्या रेषेसाठी पुढे माणसे मेली ती युद्ध सुरू झाले तेव्हा पन्नास वर्षांचीही नव्हती.

त्या पन्नास वर्षांत हा डोंगर गिर्यारोहकांचा होता. १९०१ मध्ये बिॲट्रिस टोमॅसन या इंग्रज बाईने मिकेले बेत्तेगा आणि बोर्तोलो झागोनेल या वाटाड्यांच्या साथीने दक्षिणकडा प्रथम चढला. त्या काळातली ती फार मोठी चढाई होती. १९०३ मध्ये पश्चिमधारेवर लोखंडी खुंट्या आणि तार ठोकून वाट बांधण्यात आली. नैर्ऋत्येच्या कोन्त्रीन खोऱ्यात न्युरेंबर्गच्या गिर्यारोहकांनी १८९७ मध्ये एक विश्रामगृह उभारले होते. तिथे जर्मन, ऑस्ट्रियन आणि इटालियन लोक एकाच मेजावर जेवत, एकमेकांना वाटा सांगत. पुढे हेच लोक एकमेकांवर तोफा रोखणार होते. कोणती जागा कुठून दिसते आणि कोणत्या घळीतून वर येता येते हे त्यांना ठाऊक होते ते या मैत्रीच्या दिवसांमुळे. हे लिहिताना मला वाईट वाटले आणि ते लपवण्याचे कारण नाही.

इटली १८८२ पासून ऑस्ट्रिया आणि जर्मनीच्या करारातला मित्रदेश होता. १९१४ मध्ये युद्ध पेटले तेव्हा तो तटस्थ राहिला. २६ एप्रिल १९१५ च्या लंडनच्या गुप्त करारात ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाने त्याला ब्रेनर खिंडीपर्यंतचा मुलूख देऊ केला, आणि २३ मे रोजी इटलीने ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारले. स्वित्झर्लंडच्या हद्दीपासून एड्रिॲटिक समुद्रापर्यंत सुमारे सहाशे किलोमीटरची आघाडी उघडली आणि तिचा फार मोठा भाग डोंगरांतून जात होता. इटलीचे सरसेनापती लुइजी कादोर्ना यांची मुख्य चढाई पूर्वेला, इसोंझो नदीवर होती. तिथे लाखो माणसे खर्ची पडली. डोलोमाइटची आघाडी त्यांच्या हिशेबात दुय्यम होती, आणि दुय्यम आघाडीचे दुर्दैव असे की तिथे माणसे ठेवली जातात पण त्यांच्याविषयीचा विचार उशिरा होतो.

ऑस्ट्रियाची अवस्था याहून बिकट होती. टिरोलच्या कसलेल्या पहाडी पलटणी गॅलिशियात रशियाशी लढताना आधीच अर्ध्याअधिक संपल्या होत्या. सरहद्द राखायला उरले ते श्टांडशुत्सेन, म्हणजे गावोगावच्या नेमबाजी मंडळांतले लोक. भरतीच्या वयापुढचे बाप-आजोबा आणि भरतीच्या वयाखालची पोरे असे ते सैन्य. पहिल्या आठवड्यांत इटलीने जोर केला असता तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासकार आजही विचारतात. इटालियन फौजा सावकाश पुढे सरकल्या आणि तेवढ्यात जर्मनीचा आल्पेनकोर्प्स मदतीला आला. उन्हाळा संपेपर्यंत दोन्ही बाजू खडकांत रुतल्या. ज्या लादिन खोऱ्यांतून ही आघाडी गेली त्यांची घरे तोफखान्याने जाळली. शेजारच्या लिव्हिनालोंगोतील पिएव्हे हे गाव १९१५ मध्येच भस्मसात झाले. लादिन तरुण ऑस्ट्रियाच्या गणवेशात लढत होते, आणि त्यांच्यापैकी जे परतले ते इटलीचे नागरिक होण्यासाठी परतले.

मार्मोलादावर इटलीच्या बाजूने एक नाव पुन्हापुन्हा भेटते : कॅप्टन आर्तुरो आंद्रेओलेत्ती. आल्पिनी या १८७२ मध्ये स्थापन झालेल्या पहाडी दलातले ते अधिकारी, आणि युद्धाआधीपासून या परिसरातले नामवंत गिर्यारोहक. सप्टेंबर १९१५ मध्ये कोन्त्रीनचे विश्रामगृह इटालियन तोफांनी उद्ध्वस्त केले, कारण ऑस्ट्रियनांनी तिथे आपले ठाणे मांडले होते. युद्धानंतर आंद्रेओलेत्ती हे माजी आल्पिनी सैनिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या संस्थापकांपैकी एक झाले, आणि कोन्त्रीनची ती जागा याच संघटनेकडे आली. तिने तिथे पुन्हा विश्रामगृह बांधले आणि ते आजही चालते.

१९१६ च्या वसंतात इटालियन तुकड्यांनी सेराउताच्या धारेवर पाय रोवले आणि डोंगरावरचे गणित बदलले. ऑस्ट्रियनांची शिखराजवळची ठाणी होती, पण त्यांना लागणारा शिधा, दारूगोळा, लाकूड, औषधे, सारे हिमनदीच्या उघड्या पाठीवरून वर न्यावे लागे. सेराउतावरून ती पाठ तळहातासारखी दिसे. पांढऱ्या बर्फावर माणूस म्हणजे काळा ठिपका. नेमबाजाला याहून सोपे लक्ष्य मिळत नाही. रात्री चालावे तर हिमनदीतल्या भेगा गिळून टाकतात.

इथे लिओ हांडल येतो. इन्सब्रुकचा हा ऑस्ट्रियन लेफ्टनंट अभियंता होता आणि बर्फाचा जाणकार होता. ज्या भेगांची सैनिकांना धास्ती होती त्यांत त्याला आसरा दिसला. भेगेत उतरलेल्या माणसाला गोळी लागत नाही. एक भेग दुसरीला बोगद्याने जोडली तर? आणि असे करत करत तळापासून शिखराजवळच्या ठाण्यांपर्यंत बर्फाच्या पोटातूनच वाट नेली तर? १९१६ च्या उन्हाळ्यात काम सुरू झाले. माणसे कुदळी आणि गिरमिटे घेऊन बर्फ कोरू लागली. निघालेला चुरा बाहेर टाकला तर शत्रूला पत्ता लागेल, म्हणून तो आतल्याच भेगांत लोटला जाई.

वर्षभरात हिमनदीच्या आत एक वस्ती तयार झाली. ऑस्ट्रियन तिला ‘आइसश्टाट’, बर्फाचे शहर, म्हणत. बोगद्यांची एकूण लांबी जवळजवळ १२ किलोमीटर झाली असे बहुतेक लेखक मानतात. काही जण थोडा कमी आकडा देतात. काही ठिकाणी माथ्यावर पन्नास मीटर जाडीचे बर्फ होते. आत लाकडी बराकी होत्या, स्वयंपाकघर होते, कोठ्या होत्या, जखमींसाठी खोली होती, प्रार्थनेची जागा होती. मोठ्या भेगांवर लाकडी पूल टाकलेले होते. बाहेर थंडी शून्याखाली तीस अंशांपर्यंत जाई तेव्हा आत ती शून्याच्या आसपास स्थिर राहायची. पाणी ठिबकायचे, अंगावरचे कपडे कधी पुरते वाळत नसत, दिवस आणि रात्र सारखीच. पण वरून तोफ डागली तरी कोणी मरत नव्हते, आणि हिमनदीच्या पोटात असलेल्याला वरून कोसळणाऱ्या बर्फाचे भय नव्हते.

हिमनदी स्थिर नसते, ती वाहते. म्हणून बोगदे वाकायचे, छत खाली यायचे, पुलांच्या तुळया पिरगाळल्या जायच्या. जे कोरले ते पुन्हा कोरावे लागे. हांडल आणि त्याचे लोक दररोज बर्फाची चाल मोजत, तडे तपासत, ऐकत. त्या कामात युद्धाची निष्ठा होती, ती माझ्या कौतुकाचा विषय नाही. पण ज्या जागी राहायचे आहे तिचा स्वभाव आधी ओळखायचा आणि मग तिच्यात घर करायचे, ही वृत्ती संपूर्ण आल्प्स आघाडीवर फार कमी ठिकाणी दिसते. म्हणून या पुस्तकाची दोन प्रकरणे मी बर्फाच्या शहराला दिली आहेत.

याच डोंगरावर, त्याच वर्षी, काही अंतरावर याच्या नेमके उलट घडले. ग्रान पोत्स ही फेदाया खिंडीच्या वरची जागा. ऑस्ट्रियनांच्या एका बटालियनच्या लाकडी बराकी तिथे होत्या. मागे खडकाची भिंत असल्यामुळे इटालियन तोफांचे गोळे तिथे पोहोचत नसत, म्हणून जागा उत्तम ठरवली गेली. पण त्या भिंतीच्या वर होता मार्मोलादाचा उघडा हिमउतार. बटालियनचे प्रमुख कॅप्टन रुडॉल्फ श्मिड यांना हा धोका दिसला. बराकी तिथून हलवण्याची परवानगी त्यांनी वरिष्ठांकडे मागितली. ती मिळाली नाही. क्षेत्राचे सेनापती लुडविग गोइगिंगर यांना ठाणे सोडणे मान्य नव्हते.

१९१६ चा हिवाळा आल्प्समध्ये असामान्य बर्फाचा होता. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दिवसेंदिवस हिमवर्षाव चालला. दूरध्वनीच्या तारा तुटल्या, शिधा वर नेणारे दोरमार्ग बंद पडले, ठाणी एकमेकांपासून तुटली. मग दक्षिणेकडून उबदार, ओलसर हवा आली. पारा चढला, खालच्या उंचीवर बर्फाऐवजी पाऊस पडू लागला, आणि नव्या बर्फाचा प्रचंड भार ओला व जड झाला. १३ डिसेंबरच्या पहाटे तो उतार सुटला. ग्रान पोत्सच्या बराकींत तीनशेहून अधिक माणसे झोपलेली होती. त्यांत टिरोलचे पहाडी सैनिक होते आणि दूर बोस्नियातून आलेलेही होते. सुमारे २७० जण मेले. थोड्यांनाच जिवंत बाहेर काढता आले. कित्येकांचे देह उन्हाळ्यात बर्फ ओसरल्यावर हाती लागले. कॅप्टन श्मिड वाचले.

हा सेंट लुसीचा दिवस होता. त्याच दिवशी आणि त्याच आठवड्यात आघाडीच्या दोन्ही बाजूंनी हिमस्खलने होत राहिली. इटालियन छावण्याही गाडल्या गेल्या. इंग्रजी लेखनात या आपत्तीला ‘पांढरा शुक्रवार’ म्हणण्याची प्रथा पडली आहे, परंतु १३ डिसेंबर १९१६ हा बुधवार होता. त्या महिन्यात हिमस्खलनांत दहा हजार सैनिक मेले असा आकडाही अनेक पुस्तकांतून एकमेकांकडे उसना जात राहिला आहे. अलीकडच्या अभ्यासकांनी तो बराच कमी करून काही हजारांवर आणला आहे. मी या पुस्तकात लहान आकडा धरला. मेलेल्यांची संख्या फुगवल्याने त्यांचा सन्मान वाढत नाही. ग्रान पोत्सचे सुमारे २७० एवढेच घेतले तरी आजवरच्या सर्वांत भीषण हिमस्खलनांत त्याची गणना होते.

काही ठिकाणी असे वाचायला मिळते की या आघाडीवर निसर्ग हा तिसरा शत्रू होता, आणि तो दोन्ही सैन्यांना सारखाच निर्दय होता. हे वाक्य मला पटत नाही. उताराला कोणाशी वैर नसते. तो सुटू शकतो हे तिथे राहणाऱ्या माणसाला कळले होते. त्याने ते लेखी कळवले होते. निकाल झाला तो खालच्या कचेरीत, जिथून तो उतार दिसत नव्हता आणि जिथे नकाशावर एक ठाणे सोडणे म्हणजे एक नामुष्की होती. ग्रान पोत्सच्या मृत्यूंना जबाबदार कोण, या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे, आणि ते मी तिसऱ्या भागात कागदपत्रांसह मांडले आहे.

१९१७ हे वर्ष सुरुंगांचे. शेजारच्या कोल दी लाना डोंगराचा माथा इटालियनांनी एप्रिल १९१६ मध्येच उडवला होता; खाणकामाचे शिक्षण घेतलेल्या जेलाझियो काएतानी याने पाच टन स्फोटके भरून. आता तीच पद्धत मार्मोलादावर आली. सेराउताजवळच्या फोर्चेल्ला ए वू या खिंडीत दोन्ही बाजूंचे बोगदे एकमेकांच्या दिशेने आणि एकमेकांच्या खाली सरकत गेले. भिंतीला कान लावून पलीकडच्या टिकावाचा आवाज ऐकायचा. तो थांबला की समजायचे, स्फोटके भरणे सुरू झाले. २६ सप्टेंबर १९१७ रोजी ऑस्ट्रियनांनी सुरुंग उडवला. लेफ्टनंट फ्लाव्हिओ रोस्सो आणि त्यांचे सहकारी खडकाखाली कायमचे राहिले.

आणि मग सारे एकाएकी संपले. २४ ऑक्टोबरला पूर्वेला कापोरेत्तोपाशी इटलीची फळी फुटली. डोलोमाइटमधल्या तुकड्यांना वेढले जाण्याआधी मागे यावे लागले, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत त्यांनी मार्मोलादा सोडला. आघाडी दक्षिणेला, ग्राप्पा डोंगर आणि पियावे नदीवर गेली. बर्फाचे शहर ओस पडले. कोणी जिंकले नव्हते. डोंगर निरुपयोगी झाला होता. पुढे १९१९ च्या सेंट जर्मेनच्या तहाने इटलीची सीमा उत्तरेला ब्रेनर खिंडीवर नेली आणि मार्मोलादा देशाच्या आत आला. ज्या धारेच्या दोन्ही अंगांना अडीच वर्षे माणसे मेली ती आता दोन प्रांतांची हद्द आहे : पश्चिमेला त्रेन्तिनो, पूर्वेला व्हेनेतो. हिमनदी नेमकी कोणाची यावरून या दोन प्रांतांतला वाद अजून मिटलेला नाही. त्याच्या सुनावण्या दशकानुदशके चालल्या आहेत. पर्यटनाचा पैसा आणि शिखरावर जाणारा दोरमार्ग त्याच्या मुळाशी आहे.

मराठी वाचकाला हा इतिहास कशासाठी, असे विचारणारे भेटतील. आपल्या घरांना पहिले महायुद्ध आठवते ते मेसोपोटेमियातून. ज्या १९१६ च्या वसंतात मार्मोलादावर बर्फ कोरण्याची तयारी चालली होती, त्याच एप्रिलमध्ये कूतच्या वेढ्यात उपासमारीने खचलेल्या फौजेने शरणागती पत्करली. तिच्यात मराठा पलटणींचे जवान होते. तिथेही वरच्यांच्या हट्टाची किंमत खालच्यांनी मोजली. इटलीच्या डोंगरांशी आपला थेट संबंध आला तो दुसऱ्या महायुद्धात, आणि तो आल्प्सच्या दक्षिणेला, अपेनाइन्सच्या भागात. रायगडच्या माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैमध्ये तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. नामदेव जाधव यांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीवर पराक्रम गाजवला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या पलटणींतल्या साध्या शिपायांनी इटलीहून घरी धाडलेली पत्रे अजून काही पेट्यांतून असतील. ती बाहेर यायला हवीत.

आणि सियाचीन आहे. १९८४ च्या एप्रिलपासून आपले सैन्य हिमनदीवर उभे आहे, आणि तिथे गोळीपेक्षा थंडीने, विरळ हवेने आणि हिमस्खलनाने गेलेल्यांची संख्या जास्त आहे. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सोनम चौकीवर बर्फाची भिंत कोसळून मद्रास रेजिमेंटच्या बटालियनचे दहा जण गाडले गेले. त्यांत साताऱ्याच्या माण तालुक्यातला एक जवान होता. दहांपैकी कोणीही वाचू शकले नाही. शंभर वर्षांचे अंतर आणि साधनांतला फरक मान्य करूनही, हिमनदीवर माणूस ठेवायचा म्हणजे काय याचा पहिला मोठा अनुभव मार्मोलादा, आदामेल्लो आणि ऑर्टलर या डोंगरांवर नोंदवला गेला आहे. आपल्याकडे त्याचा अभ्यास सैनिकी शाळांपुरता राहू नये.

आता त्या नोंदीच संकटात आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मार्मोलादाची हिमनदी सुमारे पाचशे हेक्टरांवर पसरलेली होती. आज ती शंभर हेक्टरांच्याही आत आली आहे. दरवर्षी तिची मोजणी करणारे इटालियन संशोधक सांगतात की २०४० च्या सुमारास ती नाहीशी होईल. ३ जुलै २०२२ च्या दुपारी पुन्ता रोक्काखालचा तिचा मोठा लचका तुटला आणि खालच्या वाटेवरचे अकरा गिर्यारोहक मरण पावले. आदल्या दिवशी शिखरावर पारा दहा अंशांवर गेला होता. बर्फाच्या शहराचे बोगदे हिमनदीच्या चालीने केव्हाच चिरडून गेले. पण त्यातले सामान तिने धरून ठेवले होते, आणि आता ती ते परत देऊ लागली आहे : तुळया, तारांची भेंडोळी, पत्र्याचे डबे, बुटांचे तळवे, न फुटलेले गोळे. बर्फाने सांभाळलेली दप्तरे अशी झपाट्याने उघडी पडत आहेत, आणि उन्हावाऱ्यात लाकूड, चामडे, कागद फार काळ तग धरत नाहीत. शेजारच्या रांगांत तर सैनिकांचे देहही मिळाले आहेत. सान मात्तेओ शिखराजवळ २००४ मध्ये तिघांचे, प्रेझेना हिमनदीत २०१२ मध्ये दोघांचे. कोणाचे तरी मुलगे. शंभर वर्षे पत्ता नसलेले.

पुस्तकाची रचना थोडक्यात. पहिला भाग डोंगर आणि त्याच्या खोऱ्यांचा, दुसरा युद्धाचा, तिसरा ग्रान पोत्सचा, चौथा हिमनदीचा आणि तिच्यातून निघणाऱ्या वस्तूंचा. ठिकाणांची नावे स्थानिक उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. जिथे इटालियन, जर्मन आणि लादिन अशी तीन नावे आहेत तिथे सध्या पाटीवर जे आहे ते घेतले. ज्यांना वेळ कमी असेल त्यांनी तिसऱ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल. नकाशा मात्र शेजारी ठेवावा, कारण ग्रान पोत्स आणि त्याच्यावरचा उतार यांतले अंतर नकाशावर पाहिल्याशिवाय श्मिड यांची मागणी किती साधी होती हे कळत नाही.

माझी शेवटची विनंती, जे वाचक तिथे जातील त्यांना आहे. अलीकडे आपल्याकडून अनेक जण डोलोमाइटमध्ये भटकायला जातात. माल्गा चापेलाहून दोरमार्गाने सेराउताच्या स्थानकावर उतरा, तिथले जवळजवळ तीन हजार मीटर उंचीवरचे युद्धसंग्रहालय सावकाश पाहा, इटालियन सैनिकांनी खडकात कोरलेल्या खंदकांतून चाला. पण बर्फाच्या कडेला किंवा दगडांत लोखंडाचा, लाकडाचा, कापडाचा तुकडा दिसला तर त्याला हात लावू नका. त्यातला एखादा गोळा जिवंत असू शकतो. शिवाय २००१ च्या कायद्याने पहिल्या महायुद्धाचे हे अवशेष इटलीत संरक्षित आहेत. जागा लक्षात ठेवा, छायाचित्र काढा आणि जवळच्या विश्रामगृहात किंवा पोलिसांना कळवा. एखाद्या बेपत्ता सैनिकाचे नाव सापडण्याची ती अखेरची संधी असू शकते.